बाळानं शू केली का?



मागच्या महिन्यात अलिबागहून आमच्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला. आम्ही दोघी मुंबईला जे. जे. हॉस्पिटलात एकाच बॅचला नर्सिंग शिकलो. आम्ही १९७४ साली इस्राएलला आलो, ती १९८३ साली कुवेतला गेली. आता दोघीही सत्तरी ओलांडून बसलोय, तिचे गुडघे दुखतात, आमचे डोळे गेले. पण फोनवर तिचा आवाज ऐकला की आम्ही पुन्हा अठरा वर्षांच्या होतो.

ती म्हणाली, "अगं, जाब्रियाचा मुलगा बाप झाला! काल फोन केला होता. म्हणतो, मावशी, बाळाचे लंगोट मोजतोय, आज सात झाले."

आम्हा दोघींना हसू आलं, आणि मग दोन्हीकडे जरा वेळ कोणी बोललंच नाही. ते का, ते सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला. विषय बाळाच्या लघवीचा आहे. कोणी नाक मुरडू नये. आम्ही नर्स लोकांनी आयुष्यभर दुसऱ्याची शी-शू मोजली, त्यात आम्हाला कधी कमीपणा वाटला नाही. त्या मोजण्यानं पुष्कळ जीव वाचतात.

जाब्रिया ही कुवेत शहराच्या दक्षिणेकडची वस्ती, हवल्ली विभागात येते. तिथं मुबारक अल-कबीर हे मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, कुवेत विद्यापीठाची वैद्यकीय शाखा आहे, रक्तपेढी आहे. त्यामुळे तिथं डॉक्टर आणि सिस्टर लोकांची वस्ती दाट. आमची मैत्रीण तिथंच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. कुवेतहून इस्राएलला पत्र सरळ येत नसे. म्हणून ती पत्र परळला तिच्या भावाकडे पाठवायची, भाऊ दुसऱ्या पाकिटात घालून आमच्याकडे दिमोनाला पाठवायचा. महिना महिना लागायचा. ती पत्रं आम्ही अजून एका बिस्किटाच्या डब्यात ठेवली आहेत. जाब्रियाच्या मुलाची गोष्ट त्यातल्याच एका पत्रात आहे.

साल १९८८, महिना जुलै. कुवेतचा उन्हाळा म्हणजे काय ते दिमोनावाल्यांना थोडं समजेल, पण तिथला उकाडा आपल्यापेक्षा फार. २०१६ सालच्या २१ जुलैला कुवेतमधल्या मित्रिबा इथं ५३.९ अंश सेल्सियसची नोंद झाली. असल्या दिवसांत माणसं दारं-खिडक्या लावून, एसी चालू करून आत बसतात.

मैत्रिणीच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक जोडपं होतं. पहिलंच बाळंतपण. बाळाचं वजन जन्मताना ३ किलो २०० ग्रॅम, सगळं छान. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. बाळंतिणीची आई गावाहून यायची होती, पण व्हिसा मिळाला नाही. घरात दोघंच, आणि मूल सांभाळण्याचा अनुभव दोघांनाही नाही. बाळ अंगावर पीत होतं, म्हणजे तोंडात घेत होतं आणि दोन मिनिटांत झोपत होतं. आईला वाटलं, पोट भरलं. शेजारपाजारचे म्हणत होते, किती गुणी बाळ, रडत म्हणून नाही!

पाचव्या-सहाव्या दिवशी लंगोटावर विटकरी रंगाचा डाग दिसला. बाप घाबरला, त्याला वाटलं रक्त. त्यानं एका डॉक्टरला फोनवर विचारलं. उत्तर मिळालं की उन्हाळा आहे, होतं असं, थोडं पाणी पाजा. झालं. दोन दिवस चमचा-चमचा पाणी पाजलं. बाळाचं पोट पाण्यानं भरलं, मग ते अंगावर आणखीच कमी प्यायला लागलं.

नवव्या दिवशी संध्याकाळी आमची मैत्रीण बाळाला बघायला खाली गेली, हातात डिंकाचे लाडू. बाळ झोपलेलं. तिनं सवयीनं विचारलं, "शू किती वेळा केली आज?" आई म्हणाली, "डायपर सकाळीच बदललाय मावशी, अजून हलकाच आहे." तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते.

मैत्रिणीनं पत्रात लिहिलं होतं, "लाडवाचा डबा हातातून खाली ठेवायचं सुद्धा भान राहिलं नाही." तिनं बाळाच्या टाळूवर हात ठेवला, टाळू खोल गेलेली. तोंडात बोट घातलं, जीभ कोरडी. तळपायाला टिचकी मारली तर बाळानं जेमतेम डोळे किलकिले केले. तसंच उचललं आणि हॉस्पिटलात नेलं. तिथं काट्यावर ठेवलं तर वजन २ किलो ७०० ग्रॅम. नऊ दिवसांत अर्धा किलो गेलं होतं. जन्मलेलं बाळ पहिल्या दिवसांत थोडं उतरतंच, पण शंभर ग्रॅमला सात ग्रॅम उतरले की लक्ष ठेवायचं आणि दहा उतरले की काळजी करायची. इथं पंधराच्या वर गेले होते.

रक्त तपासलं. शरीरातलं पाणी आटलं की रक्तातलं मीठ वाढतं, तसं ते फार वाढलं होतं. अशा बाळाला घाईनं पाणी चढवून चालत नाही. मीठ एकदम खाली आलं तर मेंदूला सूज येते, फिट्स येतात. म्हणून दोन दिवस हळूहळू सलाईन, तास-तासाला मोजणी. एकीकडे सिस्टरनी आईला शिकवलं की बाळाच्या तोंडात नुसतं बोंडूक नव्हे तर भोवतीचा काळा भागही जायला हवा. बाळ झोपलं तर पाय चोळून जागं करायचं, दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या बाळानं अशी शू केली की रात्रपाळीच्या सिस्टरचा ॲप्रन भिजला. मैत्रिणीनं लिहिलं होतं, "आईनं आनंदानं रडायला सुरुवात केली, आणि ती फिलिपिनो सिस्टर तिला टॉवेल देत होती."

तोच हा जाब्रियाचा मुलगा. आज ठाण्याला आहे, सदतीस वर्षांचा.

आता कारण समजून घेऊ. बाळगोपाळांनो, तुम्हीही ऐका. आपली मूठ आवळा. साधारण तेवढी आपली एकेक किडनी, म्हणजे मूत्रपिंड. पाठीच्या दोन्ही बाजूंना एकेक. रक्त तिथून जातं, नको ते पदार्थ गाळले जातात आणि पाण्याबरोबर बाहेर पडतात. ती लघवी. अंगात पाणी कमी पडलं की किडनी शहाणपणानं पाणी राखून ठेवते, म्हणून लघवी कमी आणि गडद पिवळी होते. मोठ्या माणसाची किडनी हे काम चांगलं करते. तान्ह्या बाळाची किडनी अजून शिकत असते, तिला पाणी तेवढं राखता येत नाही. शिवाय बाळाच्या वजनात चार हिश्श्यांतले तीन हिस्से पाणीच असतं. म्हणून मोठ्याला जुलाब झाले तर तो दोन दिवस कण्हतो, बाळ मात्र काही तासांत सुकतं. अशा बाळाची लघवी आटली याचा अर्थ त्याच्याकडची शिल्लक संपत आली.

हॉस्पिटलात आम्ही मोजायचो ते असं. तान्ह्या बाळाला वजनाच्या दर किलोमागे दर तासाला निदान १ मिलिलिटर लघवी व्हायला हवी, मोठ्या मुलाला निदान अर्धा मिलिलिटर. म्हणजे ६ किलोच्या बाळाला तासाला ६ मिलिलिटर, दिवसाला साधारण दीडशे. त्याच्या खाली गेलं की सिस्टरनं डॉक्टरांना उठवायचं, मग रात्रीचे तीन का वाजेनात. ओला लंगोट काट्यावर ठेवायचा, कोरड्याचं वजन वजा करायचं. जेवढे ग्रॅम जास्त तेवढे मिलिलिटर लघवी.

घरी काटा लागत नाही, बोटं पुरतात. जन्मानंतर पहिल्या २४ तासांत बहुतेक बाळं शू करतात. ४८ तासांत केलीच नाही तर डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. पहिल्या दिवशी एक ओला लंगोट, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवस-रात्रीत सहा किंवा जास्त. रंग फिकट हवा. विटकरी किंवा नारिंगी डाग पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसला तर बहुधा घाबरण्यासारखं नसतं. पण पाचव्या दिवसानंतर दिसला तर समजावं की दूध पुरत नाही.

आमच्या लहानपणी हे कोणी शिकवत नव्हतं, पण घरातल्या बायकांना ठाऊक होतं. त्याची आठवण सांगायला आम्हाला लाज वाटते, तरी सांगतो.

१९७६ चा उन्हाळा. दिमोनाला आमची पहिली मुलगी नऊ महिन्यांची होती. आम्ही इस्पितळात रात्रपाळी करून सकाळी घरी आलो. मुलीला आदल्या संध्याकाळपासून जुलाब, दोन उलट्याही झालेल्या. आम्ही बघितलं, ताप नव्हता. म्हटलं, दात येतायत. सासूबाईंना सांगितलं की तांदळाची पेज द्या, आणि झोपलो. आम्ही जे. जे.ची शिकलेली नर्स, सासूबाई रेवदंड्याकडच्या, मराठी चौथी शिकलेल्या. आम्हाला आमच्या शिक्षणाचा अभिमान होता.

दुपारी दोनला त्यांनी आम्हाला हलवून उठवलं. "अगो, उठ. दोरीवर ये आधी." आम्ही डोळे चोळत गच्चीत गेलो. दोरीवर दोन लंगोट आणि एक दुपटं वाळत होतं. त्या म्हणाल्या, "हे जुलाबाचे धुतलेले. शूचा एकही नाही. सकाळपासून एकही नाही. माझी चार पोरं झाली, दोरी कधी अशी मोकळी नव्हती."

आम्ही आत धावलो. मुलगी रडत होती पण डोळ्यांत पाणी नव्हतं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली. हे सगळं आम्ही परीक्षेत लिहिलं होतं, दुसऱ्यांच्या पोरांवर शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि आपल्याच पोरीवर दिसलं नाही. तिला दोन दिवस सलाईन लागलं. बरी होऊन घरी आली त्या शनिवारी रात्री सासूबाईंनी एलियाहू हानाबीचा मलिदा केला. आम्ही त्यांच्या पाया पडलो. त्या एवढंच म्हणाल्या, "शिकलेल्यांना झोप लागते, आम्हाला लागत नाय."

म्हणून आम्ही आता कापडी लंगोटाची आठवण काढतो. कापडी लंगोट ओला झाला की बाळ कुरकुरतं, आई बदलते, धुते, दोरीवर टाकते. हिशेब आपोआप दोरीवर दिसतो. आजचा डायपर फार सोयीचा, आम्ही त्याला नावं ठेवत नाही. पण त्याच्या आतली पूड शू शोषून घेते आणि वरून हात लावला तर कोरडं लागतं. ओलं आहे की नाही कळायला अवघड. त्यावर उपाय सोपा आहे. डायपरमध्ये टिश्यू कागदाचा तुकडा ठेवा, शू झाली की तो भिजतो. किंवा कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे पाणी ओतून एकदा हातात धरून बघा, चांगला ओला डायपर किती जड लागतो ते हाताला कळेल. आणि फ्रिजवर एक कागद चिकटवा, प्रत्येक शूची एक रेघ मारा. हे काम घरातल्या मोठ्या भावंडाला द्या. आमचा सहा वर्षांचा नातू हे काम मोठ्या तोऱ्यात करायचा.

जुलाब-उलट्यांत काय करायचं? साखर-मिठाचं पाणी. या साध्या गोष्टीमागं मोठं काम आहे. १९७१ साली आम्ही ट्रेनिंगमध्ये होतो तेव्हा पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी मोठ्या पिंपांतून लोकांना प्यायला दिलं, आणि आयांना, बहिणींना आपल्या माणसाला पाजायला लावलं. जिथं शंभरातले तीस दगावायचे तिथं चारच्याही खाली आले. कारण असं की साखर आतड्यातून आत जाताना मिठाला बरोबर घेऊन जाते, आणि मिठामागं पाणी जातं. जुलाब चालू असले तरी हा दरवाजा उघडा राहतो. डॉक्टर महालनबीस २०२२ साली वारले, २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पाकीट मिळालं तर पाकीटच वापरा, आणि त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट घाला. अर्धं पाकीट, अंदाजे पाणी, असं करू नये. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून आधी चाखून बघा, आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. चमच्यानं, हळूहळू. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध बंद करू नका. मोठ्या मुलाला पेज, मऊ भात द्या. गोड सरबतं, थंड पेयं देऊ नका, त्यातल्या साखरेनं जुलाब वाढतात.

आणि एक गोष्ट आज्यांना हात जोडून. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसतं पाणी, साखरपाणी, मध, घुटी यातलं काही देऊ नका. कितीही उकाडा असो. आईच्या दुधातच भरपूर पाणी असतं, जाब्रियातल्या जुलैलाही ते पुरतं, फक्त जास्त वेळा पाजायचं. डब्याचं दूध देत असाल तर डब्यावरच्या मापानं करा. पातळ केलं तर बाळ उपाशी राहतं आणि रक्तातलं मीठ फार खाली जातं, घट्ट केलं तर मीठ वाढतं.

आता १९९० ची आठवण. त्या वर्षी २ ऑगस्टला इराकनं कुवेत घेतलं. पत्रं बंद झाली. आमची मैत्रीण जिवंत आहे का हे आम्हाला दोन महिने कळलं नाही. ती बसनं बसरा, बगदाद करत जॉर्डनला अम्मानला पोचली आणि तिथून विमानानं मुंबईला. त्या वर्षी एक लाख सत्तर हजारांहून जास्त भारतीयांना असं परत आणलं गेलं. तिनं नंतर लिहिलं, "बसमध्ये तान्ही पोरं अकरा. पाणी मोजकं. मी पुढच्या सीटवर बसून प्रत्येक आईला दर थांब्यावर एकच प्रश्न विचारत होते, शू केली का? ज्याची झाली नाही त्याला पाणी आधी, मोठ्यांना मागनं. एका बाईनं मला वेडी म्हटलं. अम्मानला अकराच्या अकरा पोचली."

त्यानंतर पाच महिन्यांनी, जानेवारी १९९१ मध्ये, इराकची क्षेपणास्त्रं इथं इस्राएलवर पडायला लागली. आम्ही सगळे खोल्या प्लॅस्टिकनं बंद करून, तोंडाला मास्क लावून बसत होतो. तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. तान्ह्या बाळांना प्लॅस्टिकच्या तंबूत ठेवायचे. आया भीतीनं तंबू उघडत नव्हत्या, पाजत नव्हत्या, स्वतःही खात-पीत नव्हत्या, मग दूध कमी. आम्ही शेजारच्या तीन घरांतल्या आयांना भोंगा थांबला की दार ठोठावून विचारायचो, शू केली का? तेव्हा आम्हाला ठाऊकही नव्हतं की वाळवंटात बसच्या पुढच्या सीटवर आमच्या मैत्रिणीनं हेच विचारलं होतं. तिचं पत्र मार्चमध्ये आलं.

प्रत्येक वेळी कारण पाणी कमी पडण्याचंच असतं असं नाही. मुलगा असेल आणि शू नेहमी थेंब-थेंब होत असेल, धार कधी जोरात येत नसेल, तर मूत्रमार्गात जन्मतः पडदा असू शकतो, तो शस्त्रक्रियेनं काढता येतो. घसा दुखून बरा झाल्यावर दोन आठवड्यांनी लघवी कमी आणि चहासारखी झाली, तोंड सुजलं, किंवा रक्ताचे जुलाब झाल्यावर मूल पांढरंफटक पडून लघवी आटली, तर किडनीलाच सूज आलेली असते. तिथं घरी पाणी पाजत बसू नये, लगेच हॉस्पिटल. ताप-जुलाबात मूल सुकलेलं असताना आयबुप्रोफेनसारखं औषध स्वतःच्या मनानं देऊ नये, किडनीला त्रास होतो.

मग डॉक्टरकडे केव्हा जायचं? तान्ह्या बाळानं सहा तासांत शू केली नाही, किंवा मोठ्या मुलानं जागेपणी आठ तासांत केली नाही, तर आधी फोन करा. पण टाळू खोल गेली, रडताना आसू नाहीत, तोंड कोरडं, हातपाय गार, मूल ग्लानीत, पीतच नाही, सारखी उलटी, अशी लक्षणं असतील तर वाट बघू नका. इस्राएलमध्ये १०१, कुवेतमध्ये ११२, भारतात १०८. आणि डॉक्टरांना "बाळ बरं नाही" एवढंच सांगू नका. "शेवटची शू सकाळी सातला झाली" असं सांगा. या एका वाक्यानं तुमचा नंबर पुढे लागतो, हे आमचं चाळीस वर्षांचं निरीक्षण.

शाळेतल्या मुलांनो, तुमच्यासाठी दोन ओळी. शाळेतले संडास घाण म्हणून पुष्कळ मुलं दिवसभर पाणी पीत नाहीत आणि शू दाबून धरतात. असं करू नका. त्यानं लघवीच्या जागी जळजळ होते, ताप येतो. बाटली भरून न्या, ती रिकामी करून आणा. संडास घाण असेल तर बाईंना सांगा, घरी सांगा. लाजायचं काय त्यात?

नव्या आयांना योम किप्पूरबद्दल सांगायला हवं. उपास आपण सगळे मनापासून धरतो. पण बाळाला अंगावर पाजत असाल, बाळ लहान असेल किंवा आजारी असेल, तर सणाच्या आधी डॉक्टरांना आणि राव्हना दोघांना विचारून ठेवा. जीव वाचवण्यापुढं उपास नाही, हे आपल्या धर्मानंच सांगितलंय. दुपारी बाळाचे लंगोट कोरडे राहायला लागले तर ते कळवायला संध्याकाळचा शोफार वाजायची वाट बघू नये.

शेवटी एक गोष्ट. जाब्रियात आमच्या मैत्रिणीच्या वॉर्डात एक कुवेती म्हातारी नातवाजवळ बसायची. ती तिला हाजरची गोष्ट सांगायची. वाळवंटात तान्हं बाळ तहानलेलं, आई पाण्यासाठी दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावली, आणि बाळाजवळ झरा फुटला. मैत्रिणीनं ती पत्रात लिहिली आणि विचारलं, "तुमच्याकडे आहे का ही?" आम्ही लिहिलं, आहे तर! रोश हशानाच्या पहिल्या दिवशी बेत क्नेसेतमध्ये आम्ही तीच ऐकतो. आमची हागार बेरशेबाच्या रानात भटकते, आमच्या घरापासून बसनं तासाभरावर. मसकातलं पाणी संपतं. मुलाचं मरण बघवत नाही म्हणून ती त्याला झुडपाखाली ठेवून लांब जाऊन बसते. मग तिचे डोळे उघडतात आणि तिला विहीर दिसते.

नर्स म्हणून आम्हाला त्यात नेहमी एवढंच वाटतं की तिनं लांब जाऊन बसू नये. घाबरलेल्या आयांना आम्ही चाळीस वर्षं जवळ बसवलं, बाळ हातात दिलं आणि मोजायला लावलं.

मागच्या आठवड्यात आमच्या नातीचा अश्दोदहून फोन आला. तिला मुलगी झाली, दहा दिवसांची आहे. म्हणाली, "सावता, किती शांत आहे गं, नुसती झोपते!" आम्ही विचारलं, "शू किती वेळा केली?" ती हसली, मग म्हणाली थांब, कागद बघते. कागद होता. आठ रेघा होत्या.

आम्ही म्हटलं, मग झोपू दे तिला.

सर्वांना शालोम.